मिठाच्या आठ खुणा

जगातल्या सगळ्या मोठ्या संस्कृती पाण्याच्या काठी जन्मल्या, पाण्यावर वाढल्या आणि पाण्यामुळेच लयाला गेल्या. इतिहासाचा हा नियम आमच्या घरालाही लागू पडला. फरक एवढाच, की आमचं घर महापुराने बुडालं नाही की दुष्काळाने सुकलं नाही. मी पाच किलो मीठ गच्चीवर न्यायचा कंटाळा केला, तेवढ्यावरच भागलं.

घाटंजीत आमच्या गल्लीतलं बोअरचं पाणी दिसायला स्वच्छ आहे. बादलीत दोन दिवस राहिलं की बादलीला आतून चुन्याचा हात मारून देतं. अंगाला साबण लावावा तर तो फेसत नाही, नासक्या दुधासारखा फाटतो. नळाचं पाणी येतं ते पिण्या-रांधण्यापुरतं. आंघोळ, धुणी, भांडी बोअरवर. मागच्या दिवाळीला आमची मुलगी वर्षा पुण्याहून आली, तीन दिवस केस धुतले, आणि चौथ्या दिवशी तिने पाणी मऊ करायचं मशीन मागवलं.

मशीन म्हणजे गच्चीवर टाकीजवळ माणसाच्या उंचीचं एक निळं नळकांडं आणि त्याच्या बाजूला मिठाचं पिंप. डिसेंबरअखेर ते बसवणाऱ्या मेकॅनिकने समजावून सांगितलं, "काका, याच्यात बारीक मणी आहेत. ते पाण्यातला चुना धरून ठेवतात. पंधरा दिवसांत त्यांचं पोट भरतं. मग मिठाचं पाणी सोडायचं, की ते चुना सोडून देतात आणि पुन्हा कामाला लागतात. पंधरा दिवसांनी पाच किलो जाडं मीठ, हा दांडा इकडून तिकडे, अर्धा तास. बस. फक्त विसरायचं नाही."

विसरायचं नाही, हे आपण कोणाला सांगतो आहोत, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

मी आरोग्य खात्यात एकतीस वर्षं पर्यवेक्षक होतो. काम गावोगावच्या विहिरी पाहण्याचं. प्रत्येक गावात एक जलसुरक्षक असतो. त्याने विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकायची आणि वहीत तारीख घालून समोर 'टाकले' असं लिहायचं. मी न सांगता जायचो, वही मागायचो, आणि विहिरीच्या पाण्यात खिशातल्या बाटलीतले दोन थेंब सोडायचो. पाणी पिवळं झालं तर पावडर विहिरीत आहे. नाही झालं तर वहीत आहे.

पुढेपुढे मला थेंबांचीही गरज पडेना. महिन्याच्या सगळ्या नोंदी एका पेनाने, एका झोकात, एका बाजूला कललेल्या हाताने लिहिलेल्या दिसल्या, की समजावं, गडी काल सकाळी एका बैठकीत महिना उरकून मोकळा झाला. खऱ्या वहीला ओल्या बोटांचे डाग असतात. एखादी नोंद पेन्सिलीने असते, कारण त्या दिवशी पेन सापडलेला नसतो. तालुक्यात लोक म्हणायचे, साहेबांना कागदाचा वास येतो. मी ते कधी नाकारलं नाही.

तेव्हा मिठाचं काम माझ्याकडे आलं, याचा प्रभावतीला, म्हणजे आमच्या मंडळींना, फार आनंद झाला. तिने स्वयंपाकघराच्या दारामागचं कॅलेंडर दाखवलं आणि म्हणाली, "मीठ टाकलं का याच्यावर खूण करत जा. म्हणजे मले विचारावं लागणार नाही."

जानेवारीत मी दोनदा मीठ टाकलं. पहिल्याला आणि पंधराला. दोन्ही खुणा खऱ्या आहेत. त्यावर मी आजही कोणाशीही बोलायला तयार आहे.

जानेवारीच्या शेवटी गुडघा धरला. आमच्या गच्चीच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला प्रभावतीने भांडी घासता घासता विचारलं, "मीठ टाकलं का वो?"

मी म्हणालो, "टाकलं."

हा शब्द एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता. माझ्या तोंडात तो इतका सहज बसेल असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी टाकूच, या हिशेबाने मी कॅलेंडरवर खूण केली. संध्याकाळी गुडघा तसाच होता आणि खूण तर झालेली होती. झालेलं काम पुन्हा करायला माणसाचे हात धजत नाहीत.

पंधरा फेब्रुवारीला मी एवढाही विचार केला नाही. आणि एक सांगून टाकतो, कारण लाज वाटायची तर पुरी वाटावी: माझ्या खोट्या खुणा मी आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या खोट्या खुणांपेक्षा चांगल्या होत्या. एक निळ्या पेनाने, एक काळ्याने. एक मार्चची पेन्सिलीने. पंधरा एप्रिलच्या खुणेवर मी ओलं बोट फिरवलं. मला कोणी पकडलं नसतं. मी स्वतःलाही पकडलं नसतं.

मार्चमध्ये साबण फेसेनासा झाला. प्रभावती म्हणाली, "पाणी पहिल्यासारखं झाल्यावानी वाटते."

"साबणात राम राह्यला नाही आता," मी म्हणालो. त्यानंतर आम्ही तीन वेळा साबण बदलला.

आता तुम्ही विचाराल, मीठ खपत नव्हतं तर पोतं कमी कसं होत होतं? तो बंदोबस्तही झाला होता. पोतं जिन्याखाली होतं, आणि दर पंधरवड्याला त्यातलं पाच किलो मीठ फुलचंद नेत होता.

फुलचंद हा आमच्या शेजारच्या बबनरावाचा शेतशेजारी. गावापासून चार किलोमीटरवर त्याचा बंजारा तांडा आहे. त्याची नि बबनरावाची शेतं एकाच धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून, आणि दोघांची मैत्री त्या धुऱ्यापेक्षा जुनी. फुलचंद आणि त्याची बायको सुखीबाई घरच्या तुरीची डाळ करून बुधवारच्या बाजारात विकायला बसतात. बाजारातून जाताना तो आमच्या ओसरीवर पाणी प्यायला थांबतो. एका बुधवारी मी त्याला म्हणालो, "मीठ घेऊन जा थोडं. बैलाले ठेव चाटाले."

"मशिनले कमी नाही पडणार ना, साहेब?"

"मशीनले कायले एवढं लागते."

तो हसला. "आमचे पुरखे बैलावर मीठ लादून देश फिरले म्हणते. आता बैलच मीठ खाऊन राह्यले. बैलाइचं बरं झालं."

पुढच्या पंधरवड्याला मी न मागता पाच किलो बांधून ठेवलं. त्याच्या बैलांचं झाल्यावर त्याच्या भावाच्या म्हशींना, मग तांड्यातल्या सगळ्या जनावरांना माझं मीठ जाऊ लागलं. फुलचंद सगळ्यांना सांगे, साहेब दिलदार माणूस आहे.

तो मला साहेबच म्हणतो. बाकी गल्ली काकाजी म्हणते. त्याचं कारण जुनं आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी तोच तांड्याच्या विहिरीचा जलसुरक्षक होता. मी त्याची वही तपासली होती. महिन्यात चार रकाने रिकामे होते.

"हे काय?" मी विचारलं होतं.

"त्या दिवशी टाकलं नाही, साहेब. तीन दिवस मले ताप होता, अन् एक दिवस पावडरच नव्हती."

मी शेरा मारला: 'नोंदी अपूर्ण. सुधारणा करावी.' सुधारणा झाली. सहा महिन्यांनी फुलचंदच्या जागी दुसरा माणूस आला. त्याची वही तुळशीवृंदावनासारखी होती, चारी बाजूंनी सारखी. मी त्यावर 'समाधानकारक' लिहिलं. त्या दिवशी घाई होती. थेंबांची बाटली गाडीतच राहिली होती.

तर मे महिना आला, आणि बबनरावाच्या मुलीचं, दिपालीचं, साक्षगंध ठरलं, म्हणजे साखरपुडा. मुलगा बाभुळगावकडचा. तिकडून चाळीस माणसं, इकडची पन्नास. वीस तारीख. अंगणातच मांडव, अंगणातच पंगत.

अठरा तारखेला बबनराव आमच्या ओसरीवर येऊन बसला. "काकाजी, बाकी समदं जमलं. डाळ फुलचंद देऊन राह्यला घरची, बारा किलो. म्हणे, पोरीच्या साक्षगंधाले डाळ इकत नाही घ्याची. फक्त पाण्याचं पाहावं लागते. बोअरच्या पाण्यात वरण शिजत नाही, अन् नळाचं एवढं पुरत नाही. टँकर सांगू का?"

मी टँकर सांग म्हणण्यासाठी तोंड उघडलं होतं. पण आतून प्रभावती म्हणाली, "टँकर कायले? आमच्या मशिनचं पाणी न्या ना. यांनी परवाच मीठ टाकलं. मऊ पाणी हाय. डाळ लोण्यासारखी शिजन."

बबनरावाने माझ्याकडे पाहिलं.

"न्या की," मी म्हणालो.

ठरवलं होतं, वीस तारखेला भल्या पहाटे उठायचं, दोन वेळचं मीठ एकदम टाकायचं, दांडा फिरवायचा, कोणाला पत्ता लागणार नाही. मी साडेपाचला उठलो. साडेपाचला बबनरावाच्या माणसांनी आमच्या टाकीला पाइप लावून तीन ड्रम भरलेले होते. लग्नघरचे लोक वेळेवर कामाला लागल्याचा हा मी पाहिलेला पहिला प्रसंग.

नऊ वाजता आचाऱ्याने डाळ चुलीवर चढवली. साडेदहाला झाकण काढून त्याने एक दाणा चिमटीत धरला आणि झाकण पुन्हा ठेवलं. अकराला सोडा टाकला. बाराला आणखी लाकडं लावली. साडेबाराला साक्षगंध आटोपलं, दिपालीने हिरवा शालू सांभाळत सगळ्यांच्या पाया पडून घेतलं, आणि पाव्हणे पंगतीला बसले. भात आला, वांग्याची भाजी आली, बुंदी आली. मग वरण आलं. पाणी वर, डाळ खाली, आणि प्रत्येक दाणा आपला स्वतंत्र.

मुलाच्या मामांनी भातावर वरण घेतलं, बोटाने कालवलं आणि शांतपणे विचारलं, "पाव्हणे, हे वरण हाय का उसळ हाय?"

पंगत हसली. बबनराव हसला नाही. तो आचाऱ्याकडे गेला. आचारी म्हणाला, "भाऊ, तीन घंटे आग दिली. याच्यावर माह्यं काही चालत नाही. पाणी खराब असन, नाही त डाळ जुनी असन."

"पाणी त काकाजीच्या मशिनचं हाय," बबनराव म्हणाला, आणि मला तिथल्या तिथे विचारलं, "काकाजी, मीठ टाकलंतं ना?"

मी काही उत्तर द्यायच्या आत प्रभावती घरी गेली. शेजारच घर. अर्ध्या मिनिटात कॅलेंडर घेऊन आली. तिने ते मांडवात मामांसमोर धरलं.

"हे पाहा भाऊ. दर पंधरा दिवसाले खूण हाय. आमचे हे एक दिवस चुकत नाहीत. सरकारी नोकरीत एकतीस वर्षं लोकाइच्या वह्या तपासल्या यांनी."

कॅलेंडर पंगतीतून फिरलं. मामांनी जानेवारी पाहिला, फेब्रुवारी पाहिला, मार्चची पेन्सिलीची खूण पाहून मान डोलावली. एप्रिलचा ओला डागही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. "नोंद पक्की हाय," ते म्हणाले. "हे पाहा, डागसुद्धा हाय. कामाचा माणूस."

एवढ्या लोकांत माझं एवढं कौतुक आधी एकदाच झालं होतं, निवृत्तीच्या दिवशी. तेव्हाही मी खाली पाहत होतो, पण कारण वेगळं होतं.

मग संशयातून पाणी सुटलं, आणि उरली डाळ.

फुलचंद ड्रमाजवळ हात धुऊन, वाढपाला उभा राहण्यासाठी बाह्या सावरत होता. बबनराव त्याला मोठ्याने बोलला नाही. हळूच बोलला. पण मांडवात तेव्हा इतकी शांतता होती, की हळू बोललेलं जास्त लांब गेलं.

"फुलचंद, जुनी डाळ मिसळली का बापा तुवा?"

फुलचंदने हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही; माणूस घड्याळाकडे पाहतो तेवढाच.

"असन भाऊ," तो म्हणाला.

सुखीबाईने पदर डोक्यावर ओढला आणि बुंदीचं ताट उचललं. दोघं नवरा-बायको शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत राहिले. शेवटच्या पंगतीला सगळे वाढपी बसले, ते दोघं बसले नाहीत. म्हणाले, बैलाला पाणी दाखवायचं आहे.

माझ्या पानात वरण होतं. मी ते दाणा-दाणा चावून संपवलं. दोन दाढा पडल्या होत्या त्या बाजूनेही चावलं. प्रायश्चित्त म्हणून ते फार कमी होतं हे मला तेव्हाही कळत होतं, पण जवळ तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी बबनरावाने उरलेली चार किलो डाळ माणसाच्या हाताने तांड्यावर परत पाठवली. हे मला त्यानेच सांगितलं, आणि सांगताना त्याला बरं वाटत नव्हतं. "तीस वर्षांत त्याची नि माह्यी एक गोष्ट इकडची तिकडं झाली नाही, काकाजी. काहून केलं असन त्यानं असं?"

मी म्हणालो, "माणसाचं काही सांगता येत नाही."

हे वाक्य मी उच्चारलं. त्याला साक्षीदार आहेत.

बुधवारी मी बाजारात गेलो. भाजी आणायला गेलो असं घरी सांगितलं. सुखीबाई नेहमीच्या जागी बसली होती, पुढ्यात डाळीचं पोतं, तोंडापर्यंत भरलेलं. एरवी अकरापर्यंत ते अर्धं होतं. एक बाई थांबली, तिने मूठभर डाळ तळहातावर घेतली आणि विचारलं, "हे तेच का वो? साक्षगंधाचं?"

"तेच," सुखीबाई म्हणाली.

"शिजते का?"

"तुमच्या घरी शिजन का नाही, मले काय मालूम," सुखीबाई म्हणाली. बाईने डाळ परत पोत्यात टाकली आणि हात झटकले.

मी टमाट्याच्या ढिगामागे उभा होतो. तिथून पळून जायला हरकत नव्हती. गुडघा त्या दिवशी बरा होता. पण मला त्या पोत्याच्या जागी एक वही दिसत होती. चार रकाने रिकामे असलेली, तालुक्यातली एकमेव खरी वही. तिला मी अपूर्ण म्हटलं होतं. आता त्याच माणसाच्या डाळीला माझ्या भरलेल्या रकान्यांनी जुनी ठरवलं होतं. वीस वर्षांत एका माणसाला दोनदा खोटं पाडायचं, आणि दोन्ही वेळा नोंद पक्की ठेवायची, हे मला जमलं होतं.

मी पुढे होऊन दोन किलो डाळ मागितली. भाव केला नाही. सुखीबाईने मापताना माझ्याकडे असं पाहिलं, की आपण दोन किलो लाच घेतोय असं मलाच वाटलं.

घरी आलो आणि मिठाला हात घातला. पोतं उचलणं शक्य नव्हतं, म्हणून तांब्याने नेलं. एकोणीस पायऱ्या, चौदा फेऱ्या. पिंपात मीठ विरघळवलं, दांडा फिरवला, अर्धा तास पाण्याजवळ बसलो. नळीतून चुना सुटलेलं घाण पाणी मोरीत जात होतं. चार महिने त्या मण्यांनी धरून ठेवलेलं सगळं. दुपारी पुन्हा एकदा तेच केलं. संध्याकाळी बादलीत हात बुडवून साबण लावला, तर कोपरापर्यंत फेस आला.

"या पाण्यात ही डाळ लाव," मी प्रभावतीला म्हणालो.

"कुकर?"

"नको. उघड्या पातेल्यात."

पंचवीस मिनिटांत डाळ शिजली. पळी फिरवली, तर दाणा म्हणून काही उरलं नव्हतं. प्रभावती बराच वेळ पातेल्याकडे पाहत राहिली. तिने डाळीचं पुडकं उचललं, वास घेतला, ठेवलं. मग दारामागे जाऊन कॅलेंडर काढलं.

"किती?"

"आठ."

"पेन्सिलीचीबी?"

"तीबी."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती पाटावर बसली. "मी हे हातात धरून नव्वद लोकांत फिरली वो," ती म्हणाली. "छाती फुगवून फिरली."

गॅस चालू होता, तो तिने उठून बंद केला.

"ज्याइले ज्याइले मी दाखवलं ना," ती म्हणाली, "त्याइले त्याइले आता तुमच्या हातानं दाखवून या."

मी लाल पेनाने आठही खुणांना गोल केले. कामाची सवय. चूक दाखवायची तर ठळक दाखवावी.

आधी बबनराव. तो गोठ्यासमोर बाजेवर बसला होता. मी कॅलेंडर त्याच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्याने पानं उलटली. मला शिव्या दिल्या नाहीत. फोन काढला आणि मामांना लावला, आवाज मोठा करून, आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. मी बाभुळगावलाही सगळं सांगितलं.

"असं होय," मामा म्हणाले. "मी त घरी येऊन सांगतलं, वरण काही जमलं नाही, पण पाव्हण्याइच्या शेजारी नोंदी लय भारी हाय. आमच्या पोट्ट्याइले तुमचं उदाहरण देऊन राह्यलो आठ दिवसापासून. आता ते मागं घ्यावं लागन."

फोन ठेवून बबनराव उठला. चप्पल घातली. "चाला. बसा गाडीवर."

"तू कशाला? चूक माझी आहे."

"खोटं तुमचं हाय. त्याले बोललो त मी ना? अन् डाळ कोणं वापस केली?"

मोटरसायकलवर मी मागे बसलो, कॅलेंडरची गुंडाळी दोन्ही हातांत धरून. चार किलोमीटर मी मनात भाषण बांधत होतो. त्याला तीन भाग होते. पहिला मिठाबद्दल, दुसरा डाळीबद्दल, तिसरा वीस वर्षांपूर्वीच्या शेऱ्याबद्दल. तिसऱ्या भागात माझा आवाज थोडा भरून यावा असं मी ठरवलं होतं.

फुलचंद घरासमोर बैलांना वैरण टाकत होता. गव्हाणीत एका बाजूला माझं मीठ होतं. बैल चाटत होते. सुखीबाई दारात डाळ पाखडत होती. आम्हाला पाहून तिने सूप थांबवलं नाही.

बबनराव गाडी लावून सरळ तिच्यासमोर जमिनीवर बसला. तीस वर्षांच्या मैत्रीत त्याने माफी मागितलेली नव्हती, त्यामुळे ती कुठून सुरू होते हे त्याला माहीत नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "जेवाले काय हाय?"

सुखीबाई आत गेली. बाहेर आली तेव्हा ताटात भाकर होती आणि वाटीत वरण होतं, पिवळं, घट्ट, एकजीव. तिने वाटी त्याच्यासमोर ठेवली.

"जपून खाजा भाऊ," ती म्हणाली. "जुनी डाळ हाय."

बबनराव मान खाली घालून जेवू लागला. त्याने तीनदा वरण मागून घेतलं. तिसऱ्यांदा तिने न विचारता वाढलं, आणि सुपाकडे परत गेली.

मी फुलचंदसमोर उभा होतो. भाषणाचा पहिला भाग मी नीट म्हटला. दुसऱ्यात दोन शब्द विसरलो. तेवढ्यात तो म्हणाला, "मले मालूम होतं, साहेब."

"कधीपासून?"

"ड्रमावर हात धुतले तवाच. साबण फेसलाच नाही. अन् मीठ त माहेच बैल खाऊन राह्यले होते. मंग मशिनमंधी कोणतं गेलं असन?"

"मग तिथं बोललास काहून नाही?"

त्याने हातातली वैरण झटकली. "सोयरे बसले होते. पोरीचं काम होतं. अन् बाई ते कॅलेंडर घेऊन उभ्या होत्या, साहेब. किती भरवशानं धरलं होतं त्याइनं. त्याइच्या हातातलं खोटं कसं कराचं?"

आवाज भरून यायचा तो तिसऱ्या भागात यायचा होता. तो इथेच आला, आणि ठरवलं होतं त्यापेक्षा फार वाईट आला. मी तसाच पुढे बोललो. "तुझ्या वहीवर मी शेरा मारला होता. अपूर्ण म्हणून."

"हो. 'सुधारणा करावी.'"

"तो मी मागे घेतो."

"वही त उधईनं खाल्ली, साहेब. कवाचीच."

मी कॅलेंडर उलगडून त्याच्या हातात दिलं. लाल गोल आठच्या आठ दिसत होते. तो ते लांब धरून पाहू लागला, मग जवळ धरून, मग पुन्हा लांब. फेब्रुवारी उलटला. मार्च, एप्रिल. मे महिन्याशी तो थांबला. बैलांच्या जिभांचा मिठावर खरखर आवाज येत होता. मी डोळे पुसले नाहीत. म्हटलं, याला जे म्हणायचं ते म्हणू दे, आणि मी ते उभ्याने ऐकीन. एकतीस वर्षं लोक माझ्यासमोर असेच उभे राहत आले होते.

फुलचंदने मेचंही पान उलटलं आणि जूनवर बोट ठेवलं.

"साहेब, माह्या चष्म्यावर परवा बैलानं पाय देला. आता आणलंच हाय त तेवढं वाचून सांगा, यंदा पावसाचं कसं हाय, मृगाचं वाहन काय हाय?"